तपकिरीची डबी

टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ मी पहिल्यांदा वाचली ती अकरावीनंतरच्या सुट्टीत. वडिलांनी रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून आणलेले इंग्रजी खंड वर्षभर कपाटात पडून होते. लढायांची पानं सरळ उलटत गेले आणि थांबले ती नायिका नताशाच्या पहिल्या बॉलपाशी, नाचाच्या समारंभापाशी. १८०९ सालातली शेवटची रात्र, पीटर्सबर्गमधल्या एका बड्या सरदाराचा वाडा, खुद्द झार येणार. नताशा सकाळी आठपासून उठलेली. आईचं, सोन्या या बहिणीचं सगळं हिनंच बघायचं, त्यामुळे हिचं स्वतःचं मागे राहिलेलं. निघायची वेळ झाली तेव्हा लक्षात येतं, झगा लांब होतोय. मग मोलकरणी जमिनीवर बसून घाईघाईनं खालची दुमड टिपायला लागतात. तोंडात टाचण्या, दातांनी तोडलेला दोरा. आमच्या घरी ताईच्या लग्नाच्या सकाळी फॉल निघालेल्या शालूला काकूंनी असेच टाके घातले होते. मला झारचं काही वाटलं नाही. त्या टाचण्या मात्र मी ओळखल्या.

आणि पुढची भीतीही ओळखीची होती. नताशा भिंतीशी उभी आहे, जोड्या नाचायला निघाल्यात, हिला कुणी बोलवत नाही आणि डोळ्यांतलं पाणी कसंबसं थोपवून धरलंय. शेवटी ओळखीचा पिएर आपल्या मित्राला, प्रिन्स आंद्रेईला, तिच्याकडे पाठवतो. ते पान मी त्या सुट्टीत किती वेळा वाचलं याला गणती नाही.

पुन्हा पुस्तक हातात घेतलं ते मुलाच्या मुंजीच्या वर्षी. हॉल, आचारी, आहेर, उसनवारी या सगळ्यातून मी गेले होते, म्हणून या खेपेला नताशाचे वडील दिसले. मायलेकी दोघीही नताल्या (नताशा हे त्याचंच लाडकं रूप), दोघींचा नामदिन, म्हणजे नावाच्या संताचा दिवस, एकच. मॉस्कोच्या घरी सकाळपासून पाहुण्यांची रीघ लागलेली, आणि म्हातारे काउंट रस्तोव दारापर्यंत जाऊन प्रत्येकाला त्याच शब्दांत, तितक्याच मनापासून जेवायला बोलावतात. मध्येच आत जाऊन ऐंशी पानांचं टेबल नजरेखालून घालतात. कारभारी पैशांची कटकट सांगायला लागला की त्यांना ऐकवत नाही. हा माणूस पुढे कर्जात बुडणार आहे हे मला ठाऊक होतं, तरी त्याच्यावर राग धरता आला नाही. त्याच जेवणात युद्धाच्या गप्पा रंगलेल्या असताना तेरा वर्षांची नताशा भर पंगतीत मोठ्यानं विचारते, गोड काय आहे? आइस्क्रीम आहे म्हटल्यावर कुठलं, हेही तिला कळायलाच हवं असतं. रात्री नाच सुरू होतो. सहावा नाच चालू असताना त्याच शहरात दुसरीकडे पिएरच्या वडिलांना सहावा झटका येतो. टॉलस्टॉय दोन्ही गोष्टी एका वाक्यात ठेवतो आणि पुढे जातो.

तारखेचं मला पुष्कळ उशिरा उमगलं. ऑर्थोडॉक्स पंचांगात संत नताल्यांचा दिवस २६ ऑगस्ट, जुन्या रशियन कालगणनेनुसार. आणि बोरोदिनोची लढाईही २६ ऑगस्टचीच, १८१२ सालची. त्याच संध्याकाळी पीटर्सबर्गमध्ये दरबारातल्या आना पावलोव्हना या बाईंकडे नेहमीसारखी मैफल भरते, झारला आलेलं धर्मगुरूंचं पत्र मोठ्या कौतुकानं वाचलं जातं, आणि तिकडे रणांगणावर आंद्रेईला जीवघेणी जखम झालेली असते. रस्तोवांच्या घरचा तो ऐंशी पानांचा दिवस आणि हा दिवस, तारीख एकच. मी त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ दिवा मालवला नाही.

आता सत्तरी उलटली. मागच्या महिन्यात भाचीच्या मुलीच्या रिसेप्शनला मला व्यासपीठाजवळच्या सोफ्यावर बसवलं होतं. एकेक जण यायचं, वाकायचं, ‘मावशी, तब्येत काय म्हणते?’ विचारायचं आणि उत्तर संपायच्या आत नजर पुढे गेलेली असायची. घरी आल्यावर कादंबरीची अगदी पहिली प्रकरणं काढली. जुलै १८०५, हीच आना पावलोव्हना. सूतगिरणीचा मालक चात्यांवर नजर ठेवत हिंडतो तशी ती संभाषणांमधून हिंडते, असं टॉलस्टॉय सांगतो. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी आपल्या मावशीपुढे नेते. टोपीवर फितींची मोठी फुलं लावलेली ही म्हातारी सगळ्यांशी तेच बोलते: तुमची तब्येत, माझी तब्येत, आणि महाराणींची, जी देवाच्या कृपेनं आज बरी आहे. लोक सुटकेनं बाजूला होतात. पिएर तर महाराणींची तब्येत ऐकून घ्यायलाही थांबत नाही. पंचावन्न वर्षं ही बाई माझ्या नजरेतून निसटली होती.

काही महिन्यांनी ती पुन्हा भेटते. पिएर आता अफाट श्रीमंत झालाय आणि त्याला मुद्दाम सुंदर एलेनशेजारी बसवलंय. या खेपेला मावशी तपकिरीच्या डब्यांविषयी बोलते, पिएरच्या वारलेल्या वडिलांच्या संग्रहाविषयी. मग आपली डबी दाखवते. झाकणावर तिच्या नवऱ्याचं चित्र आहे. ते पिएरला दिसावं म्हणून ती एलेनच्या पाठीमागून डबी पुढे करते, एलेन वाट द्यायला वाकते, आणि तेवढ्या जवळिकीत पिएर मनातल्या मनात बांधला जातो. पुढे तिच्याशी झालेल्या लग्नानं त्याची किती वर्षं जाळली! वाचणारे सगळे एलेनचे खांदे बघतात, मीही तेच बघत आले. पण त्या क्षणी म्हातारीचा हात पुढे आलेला आहे आणि हातात तिचा माणूस आहे. कुणी बघावं एवढंच तिला हवं आहे.

रिसेप्शनला माझ्याशेजारी एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी टेकली होती, नव्या चपला चावत होत्या म्हणून. जरा वेळानं माझ्याकडे झुकून म्हणाली, ‘आजी, आइस्क्रीम कुठलं आहे हो?’ मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘जा, विचारून ये. चांगलं मोठ्यानं विचार.’ ती चपला तिथंच टाकून अनवाणी पळाली, आणि येईपर्यंत मी त्या सांभाळल्या.