गॅसवरचा आळ

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजपुढे रांग लागते. रांगेतला जो तो काच खाली करून एकच वाक्य बोलतो, "भाऊ, गॅस संपला वाटते." गावात चोरी झाली की हवालदार ठरलेल्या एकाच दारात जातो, तशी या गॅसची गत. चोर कुणी का असेना.

कागदोपत्री नाव आर-१३४ए. रंग नाही, वासही जवळजवळ नाहीच. याच्या आधी या खुर्चीवर आर-१२ होता. तो ओझोनच्या थराला खातो हे उघड झालं आणि १९८७च्या माँट्रियल करारानं त्याची गच्छंती ठरवली. आपला गडी त्या बाबतीत निष्कलंक. मात्र मोकळा सुटला तर हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट भारी. म्हणजे त्याच्यावर खरा आरोप करायचाच तर हा करावा, पण तो कुणी करत नाही.

स्वभाव उतावळा. उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. म्हणून त्याला कायम दाबाखाली ठेवायचं. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो, मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून निसटला की दाब एकदम उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा उकळायला लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो आपल्या केबिनमधून घेतो, त्यालाच आपण गारवा म्हणतो. लहान गाडीत हे सगळं साधारण अर्धा किलो गॅस करतो, आणि पेट्रोलसारखा जळत नाही. त्यामुळे तो संपत नसतो. गेलाच तर कुठल्यातरी फटीतून जातो, आणि जाताना सही करून जातो: कॉम्प्रेसरचं तेल त्याच्यासोबतच फिरत असल्यानं गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो, त्यावर धूळ चिकटते. मुरलेला मेकॅनिक मीटर लावायच्या आधी टॉर्च घेऊन हा डागच शोधतो.

मग मीटर. निळी तबकडी कमी दाबाची, लाल जास्त दाबाची. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच आकड्यावर. ३५ अंशांना साधारण ११५ पीएसआय. इथं गॅस भलताच मिठ्ठू. आत द्रवाचा थोडा अंश उरला असेल तोवर निम्मा असो की पुरा, तो हाच आकडा सांगतो. उभ्या गाडीचा काटा बघून "टाकी फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत. त्याला बोलतं करायचं तर कॉम्प्रेसर चालू पाहिजे.

परवा एक गाडी आली. हायवेला गार, सिग्नलला गरम. मालकाचं निदान अर्थातच तयार होतं. एसी लावला तर लाल काटा तीनशेच्या वर, निळाही नको तितका चढलेला. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली बसले असते. मेकॅनिकनं काही न बोलता मगभर पाणी कंडेन्सरवर मारलं. वाफ उठली, काटा सरसर उतरला आणि आत गार झुळूक आली. मग त्यानं कंडेन्सरच्या पंख्याकडे बोट केलं. पंखा ढिम्म. हायवेला वारा ते काम फुकटात करत होता, सिग्नलला कुणीच करत नव्हतं. रिले जळला होता.

असे आळ त्याच्यावर रोज येतात. ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, तो रेझिस्टर जळाल्यानं. कूलिंग कॉइलकडून परतणारा पाइप हाताला बर्फासारखा लागतो, त्यावर घाम सुटलाय, तरी जाळीतून कोमट हवा. हा उद्योग हीटरचा. हीटरचा आणि गॅसचा काडीचा संबंध नाही. तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, आणि डॅशबोर्डच्या पोटातली झडप अर्धवट अडकली की गार हवेत गरम मिसळत बसतो. अकोल्यात हीटरची आठवण डिसेंबरातही क्वचितच होते, त्यामुळे मे महिन्यात त्याचा संशय येणार कुणाला?

रिले बदलला, पंखा फिरला, लाल काटा सव्वादोनशेच्या आसपास स्थिरावला. मालकानं पाकीट काढलं आणि जरा घुटमळून म्हणाला, "आलोच आहो तं थोडा गॅस टाकूनच द्या ना भाऊ."

मेकॅनिकनं बॉनेटखालचं स्टिकर दाखवलं. त्यावर गॅसचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं. "याच्यावर टाकला तं आहे ते कूलिंगबी जाईन, साहेब."

"मंग पन्नास ग्रॅमच टाका."