जुनी मोटार

गुम्मिडिपूंडीहून चेन्नईस उपनगरी आगगाडी असता मोटार कशास, असे आम्ही म्हणत असू. पण मातोश्रींचे गुडघे स्टेशनाचा पूल चढेनात. तेव्हा जुनी मोटार पाहणे आले.

पहिली डिझेलची. लिटरमागे ती अधिक धावेल हे खरे. पण आमची धाव महिन्यास चारदोनशे किलोमीटर, तीत वाचणार ते काय? शिवाय मीटर तीस हजारांचा, अन् पेडलचे रबर झिजून गुळगुळीत! आम्ही मुकाट्याने परतलो.

अखेर उंच बैठकीची पेट्रोलची वॅगन-आर घेतली. बदली झाली की नव्या राज्यात पुन्हा कर, ही धास्ती होतीच. पण २०२१ साली निघालेली 'बीएच' क्रमांकाची सोय २०२२ च्या अखेरीस आधी नोंदलेल्या गाड्यांसही खुली झाली, हे आम्हां फिरत्या सरकारी नोकरांस बरे झाले.

सौभाग्यवतींना रंग पसंत नाही. मातोश्री मात्र कोणाचा हात न धरता आत बसल्या.