पाणबुड्याचे घड्याळ

माझ्या संग्रहात आज सतरा घड्याळे आहेत. त्यांतली सोळा मी हौसेने शोधून मिळवली. सतरावे, जे खरे म्हणजे पहिले, ते मला वारशाने मिळाले आणि मी ते बिघडवले. बाकीच्या सोळांची कथा त्या एकातून सुरू होते.

ही सगळी पाणबुड्यांची घड्याळे आहेत. सेलशिवाय चालणारी, मनगटाच्या हालचालीने स्वतःला किल्ली देणारी, जाड काचेची आणि काळ्या तबकडीची. घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला विचारतो, "तुम्ही कधी समुद्रात बुडी मारली आहे का?" मी बँकेत कारकुनी केलेला माणूस. माझे पोहणे आमच्या वाडीच्या मागच्या बावखलात सुरू झाले आणि तिथेच संपले. शिवाय या घड्याळांना मी पाण्याचा थेंबही लागू देत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत त्यांच्या आतल्या रबरी कड्या वाळून कडक झालेल्या असतात. पाणी आत शिरले की यंत्र गंजलेच म्हणून समजा. पाण्यासाठी जन्मलेल्या घड्याळांना पाण्यापासून जपणे हाच तुमचा छंद, असे माझी पत्नी म्हणते. या मुद्द्यावर तिच्याशी वाद घालावा असे माझ्याजवळ काही नाही.

माझे मामा बहारीनच्या एका गोदीत फिटर होते. दर दोन वर्षांनी मे महिन्यात ते वसईला येत. १९८२ च्या मे महिन्यात ते आले तेव्हा त्यांच्या मनगटावर सेइकोचे ते घड्याळ होते. जहाजांचे तळ साफ करायला पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांच्या हातात त्यांनी तसे घड्याळ पाहिले होते आणि १९८० साली पगार साठवून स्वतःसाठी घेतले होते. स्वतः ते कधी खोल पाण्यात उतरले नाहीत. उशीसारखी फुगीर केस, चार वाजताच्या ठिकाणी बसवलेली चावी आणि काचेभोवती फिरणारे काळे कडे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. तितके देखणे यंत्र मी आजवर पाहिलेले नाही, असे म्हटले तर वाचक माझ्या वयाकडे पाहून मला क्षमा करतील.

बावखलात अर्ध्या तासापेक्षा जास्त डुंबायचे नाही, असा मामींचा दंडक होता. मामा दगडी पायरीवर बसत, कडे फिरवून त्यावरची त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणत आणि म्हणत, "उतरा." मग काटा कड्यावरच्या तिसाच्या आकड्याला भिडला की आम्ही बाहेर. एकदा मामांना डुलकी लागली. माझी मामेबहीण, माझ्याहून वर्षाने लहान पण अकलेने मोठी, पाण्यातून हळूच वर आली आणि ओल्या बोटांनी ते कडे दहा मिनिटे पुढे सरकवून परत पाण्यात शिरली. आम्हांला चाळीस मिनिटे मिळाली. मामांनी मनातल्या मनात हिशेब केला, काठावरच्या सावलीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना रागावलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले. "पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपलेली असते, आणि घड्याळ सांगतं की अजून दहा मिनिटं आहेत. माणूस मरतो अशानं," ते म्हणाले. आम्ही घाबरून हसलो.

मामांचे बोलणे किती नेमके होते ते मला फार उशिरा कळले. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लाँपँ या घड्याळ कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ काढले. कंपनीचे प्रमुख झाँ-जॅक फिश्टर स्वतः हौशी पाणबुडे होते. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात बुडी मारली असताना त्यांना वेळेचे भान राहिले नाही, हवा संपली आणि जिवावर उदार होऊन वर यावे लागले. त्या अनुभवातून त्यांनी घड्याळाभोवती फिरते कडे बसवले आणि ते चुकून सरकू नये म्हणून त्याला अटकाव केला. त्याच वेळी फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी कॅप्टन रोबेर मालुबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो असेच घड्याळ शोधत होते. दोघांची गाठ पडली. पुढच्या काळातल्या घड्याळांची कडी तर एकाच दिशेने, उलटी, फिरतात. म्हणजे धक्का लागून कडे सरकलेच, तर घड्याळ गेलेला वेळ जास्त दाखवील, कमी कधीच नाही. पाणबुड्या लवकर वर येईल, एवढेच. मामेबहिणीची लबाडी त्या घड्याळावर चालली नसती.

फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते तेवढे, सुमारे सहा फूट. पाचूबंदरचे कोळी दोरी सोडून पाण्याची खोली वावांतच मोजत आले. म्हणून 'फिफ्टी फॅदम्स' हे नाव मी मनातल्या मनात 'पन्नास वाव' असे वाचतो, आणि ते परके वाटत नाही.

मामांच्या घड्याळाची आणखी एक गंमत होती आणि ती आम्हां मुलांना कड्यापेक्षा मोलाची वाटे. तबकडीवर उजवीकडे वार आणि तारीख दाखवणारी छोटी खिडकी होती. त्या घड्याळांच्या वाराच्या चाकावर प्रत्येक वार दोन भाषांत छापलेला असे, एकाआड एक. आखातात विकल्या जाणाऱ्या घड्याळात एक इंग्रजी आणि दुसरी अरबी. चावीचा आटा सोडवून ती एक टप्पा बाहेर ओढायची. एकीकडे फिरवली की तारीख बदलते, दुसरीकडे फिरवली की वार. मामा वसईला आले की वार इंग्रजीत लावत. परत निघण्याच्या आदल्या रात्री, बॅगेला दोरी बांधून झाल्यावर, ओट्यावर बसून ते चावी फिरवत आणि खिडकीत अरबी अक्षरे आणत. कोणी काही बोलत नसे. मामेबहीण त्या रात्री जेवत नसे.

१९९० साली मामा कायमचे परत आले आणि १९९४ साली वारले. मामेबहीण लग्न होऊन कॅनडात गेली होती. मामींनी घड्याळ माझ्या हातात ठेवले. ते बंद होते. तबकडीच्या कडेला ओलीचे डाग पडले होते, अंधारात चमकणारे ठिपके सुकेळीच्या रंगाचे झाले होते, कडे राखाडी पडले होते आणि केसच्या खालच्या कोपऱ्यावर बावखलाच्या पायरीवर आपटल्याची खोक होती. १९९६ च्या नाताळाला मामेबहीण मुलांना घेऊन येणार असे पत्र आले. मला वाटले, घड्याळ नव्यासारखे करून तिला भेट द्यावे.

मुंबईच्या एका घड्याळजीने ते नव्यासारखे केले. त्याचे नाव मी सांगत नाही. दोष त्याचा अर्धाच होता, कारण 'नव्यासारखे' हा शब्द माझा होता. त्याने केस चाकावर धरून घासली. खोक गेली, आणि तिच्याबरोबर केसच्या रेखीव कडाही गेल्या. घासलेला धातू पुन्हा येत नाही. तबकडीवरची जुनी छपाई आणि ठिपके धुऊन काढून त्याने नवी छपाई केली. काटे नवे, कडे नवे. मी आनंदाने पैसे दिले.

नाताळाच्या संध्याकाळी मामेबहिणीने डबी उघडली. घड्याळ उलटसुलट करून पाहिले. मग केसच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "छान आहे रे," ती म्हणाली, "पण हे पप्पांचं नाही." मी समजावू लागलो, पाठीच्या झाकणावरचा क्रमांक दाखवला. ते मॉडेल १९७६ ते १९८८ या काळातले. क्रमांकाचा पहिला आकडा शून्य, म्हणजे १९८० सालीच बनलेले. ती ऐकत होती. तिने डबी मिटून माझ्याजवळ परत दिली.

मी जुनी घड्याळे जमवू लागलो ते त्यानंतर. त्याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही; पुढे पुढे मला त्यात निखळ आनंद वाटू लागला. भिंगाखाली तबकडी धरून छपाई मूळची की नंतरची हे ओळखायला मी शिकलो. अक्षरांच्या कडा जाड झालेल्या दिसतात, शब्द किंचित कलतात. काट्यांवरचा रंग नवा आणि तबकडीवरचा जुना असला की समजावे, कोणीतरी हात घातला आहे. चोरबाजारात अशी रंगवलेली घड्याळे ढिगाने मिळतात आणि नवखा माणूस नेमकी तीच उचलतो, कारण ती चमकतात.

चमकण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फार जुन्या घड्याळांत अंधारात दिसण्यासाठी रेडियम वापरीत. त्याला अर्धे होण्यास सोळाशे वर्षे लागतात. उजेड देणारे रसायन थकून विझते, रेडियम मात्र तिथेच राहते. असे घड्याळ मी घरी कधी उघडत नाही. साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ते बारा वर्षांत अर्धे होते, म्हणून त्या काळची घड्याळे आता अंधारात अंधारासारखीच असतात. पण मूळच्या ठिपक्यांवर चढलेला तो मधाळ रंग कोणत्याही घड्याळजीच्या बाटलीत मिळत नाही.

माझ्या संग्रहात फिफ्टी फॅदम्स नाही. ते माझ्या ऐपतीबाहेरचे आहे. बहुतेक घड्याळे जपानी आहेत, आपल्या भागात बोटीवरच्या आणि आखातातल्या माणसांनी आणलेली. त्यांतल्या एकालाही मी घासून दिलेले नाही. यंत्र साफ करायचे, तेल द्यायचे, नव्या रबरी कड्या घालायच्या, आणि बाकी जसे आले तसे ठेवायचे. शेजारपाजारचे लोक घरातले जुने घड्याळ दाखवायला आणतात तेव्हा मी विकत मागण्याआधी, ते कोणाचे होते ते विचारतो. पुष्कळदा त्या प्रश्नानंतर घड्याळ आलेल्या पिशवीत परत जाते. संग्राहक म्हणून हा माझा तोटा आहे.

२०२३ साली मामी गेल्या. मामेबहीण आली आणि महिन्याच्या मिस्सापर्यंत राहिली. एका दुपारी ती माझा खण पाहायला बसली. एकेक घड्याळ तिने कानाला लावले. सतरावे हातात आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांपूर्वी न केलेली कबुली दिली: काय काय घासले, काय धुतले, काय फेकले गेले. तिने विचारले, "आणि आतलं?" आतले सगळे मूळचेच होते. घड्याळजीने यंत्राला तेल देण्यापलीकडे काही केले नव्हते. "मग वाराचं चाक?" तेही तेच.

तिने घड्याळ मनगटावर बांधले. तिला ते फार मोठे होत होते. राहिले ते दिवस तिने ते काढले नाही. विहिरीवर गेली तरी हात पाण्यात घालण्याआधी पट्टा सोडवून मला देई. खिडकीत वार इंग्रजीतच होता.

निघण्याच्या आदल्या रात्री तिने घड्याळ माझ्या टेबलावर ठेवले. "तुझ्याकडेच राहू दे," एवढेच म्हणाली. पहाटे तिची गाडी गेल्यावर मी दिवा लावला आणि ते हातात घेतले. ते चालू होते. खिडकीत अरबी अक्षरे होती.