भरती की सुकती?

माझी धाकटी बहीण दिली आहे ती बोरगावला. महाराष्ट्रात बोरगावं पुष्कळ, पण हे मध्य प्रदेशातलं, सौंसरजवळचं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं. घरात मराठी, परिसरात संत्र्यांच्या बागा. २०२४ च्या जानेवारीत तिचे सासरे पहिल्यांदाच गोव्याला आले. मी त्यांना काका म्हणतो. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "आता आमचा पांढुर्णा जिल्हा झाला बरं का भाऊ!" (तो २०२३ मध्ये झाला.)

देवळं झाली, चर्च झाली. मग मी म्हटलं, चला, तुम्हाला आमची नदी दाखवतो. त्यात माझी थोडी फुशारकी होती, लपवत नाही. बाबांचं अर्धं आयुष्य खनिजाच्या बार्जीवर गेलं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या पट्टीवर वाळूचा बांध येतो आणि ती वाट बंद होते. मग मुरगावला जाणाऱ्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या. जेवताना घरात याच गोष्टी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ती वर्दळ गेली. पुढे खाणी सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या... असो. तो वेगळा विषय.

ओळखीच्या एका होडेकाराला घेऊन जुने गोवेहून निघालो. एका बाजूला दिवाडी, पुढे सांतइस्तेव, आणि मग होडी कालव्यात वळली. दोन्हीकडे खारफुटी, मध्ये गढूळ हिरवं पाणी. या पाण्यात मगरी आहेत हे मी मुद्दाम सांगितलं. काका हसले, "सौंसरचा माणूस सुसरीला कायले भिते?" पण हात मात्र त्यांनी आत घेतला. दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी हात जोडले.

बाणस्तारीच्या पुलाखालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, हे पाणी कुठं जाऊन राह्यलं? वर कुठं अन् खाली कुठं?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. कन्हानच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्यांचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत, तिथून प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. कधी आटेल, कधी पुरानं घरात शिरेल, पण माघारी फिरणार नाही. आमच्या कालव्याला दोन तोंडं, एक मांडवीत, एक झुआरीत, आणि भरती दोन्हीकडून आत शिरते. सहाएक तासांनी सुकती लागली की तेच पाणी दोन्हीकडे उतरू लागतं. सतरा किलोमीटरच्या या वाटेला सरकारनं २०१६ मध्ये राष्ट्रीय जलमार्गाचा सत्तावीस क्रमांक दिला, पण वर-खाली कुठून देणार? बाबा कधी "वर गेलो" म्हणायचे नाहीत. "पाण्याबरोबर गेलो" किंवा "पाण्यावर गेलो" एवढंच.

कुठ्ठाळीच्या बाजूला कालवा संपला आणि एकदम सगळं मोकळं झालं. लांबवर झुआरीचा नवा पूल. काका उभेच राहिले. "हे नदी कुठली, हे तर तळं! आमचा तोतलाडोह असाच दिसते."

होडेकार डावीकडच्या काठानं लांबचा वळसा घालू लागला. मला उशीर होत होता, घरी जेवण थांबलेलं. म्हटलं, "मामा, सरळ घाला ना! एवढं पाणी आहे." तो म्हणाला, "उदक सांगता तें आमी आयकपाचें." मी म्हटलं, माझे बाबा याच वाटेनं बार्ज न्यायचे. त्यावर तो काही बोलला नाही. त्यानं होडी सरळ घातली.

पाच मिनिटांत खालून खरखर आवाज आला आणि होडी बसली. सुकती अजून संपायची होती. इंजिन उलटं चालवून पाहिलं, नुसता गाळ उसळला. उतरून ढकलायची सोय नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो. काकांना पोहता येत नाही हे मला तेव्हा कळलं. बहिणीच्या सासऱ्यांना मी कुठं आणून बसवलं होतं! तळ्यासारखं दिसणारं ते पाणी भोवती मैलभर, आणि आमच्याखाली वीतभर.

होडेकारानं बांबू चिखलात रोवला, पाण्याशी सुरीनं खूण केली आणि विडी पेटवली. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

काका त्या खुणेकडे बघत बसले. आधी ती उघडी पडत गेली, एक बोट, दोन बोटं. मग बराच वेळ काही नाही. मग पाणी खुणेला टेकलं. "आलं!" काका ओरडले, "अरे, वापस आलं!" सत्तरीतला माणूस, डोळे लहान मुलासारखे. अडीच तासांनी होडी आपोआप हलली. होडेकारानं ती मुकाट मागे घेतली आणि काठाच्या वाटेनं नेली. घरी जेवायला चार वाजले.

आता बोरगावहून संध्याकाळी अधूनमधून फोन येतो. लेकीसुनांची खबरबात नंतर, आधी एकच प्रश्न, "काय भाऊ, भरती की सुकती?" बाबा असते तर बसल्या जागेवरून सांगितलं असतं. मी "थांबा हं काका" म्हणतो आणि धक्क्यावर जाऊन बघून येतो.