आधी पाय सुटला पाहिजे

आधी नावाचा घोळ मिटवून टाकू. ज्या पेडलमध्ये बूट खटकन अडकतो, त्या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे बिनक्लिपचं! सायकलवाल्यानं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो चेष्टा करतोय असंच वाटलं. पण त्याला कारण आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर धातूचा एक पिंजरा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. वरून चामड्याचा पट्टा. पट्टा आवळला की पाय जागेवर, आणि उतरायचं तर वाकून हातानं पट्टा सैल करायचा. 1984 मध्ये फ्रान्सच्या लुक कंपनीनं नवं पेडल आणलं. ही कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके बनवायची. तीच कल्पना तिनं सायकलवर वापरली. पुढच्याच वर्षी बर्नार इनो ही पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि पिंजरा हळूहळू मागे पडला. पिंजरा गेला म्हणून बिनक्लिपचं.

स्कीच्या खटक्याची ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तो खटका पाय धरतो खरा, पण माणूस पडला तर पाय सोडतोही. सोडला नाही तर गुडघा पिळवटून निघेल. माझा सगळा प्रश्न नेमका तिथेच होता.

मी 56 वर्षांची. सहा वर्षांपूर्वी ओल्या फरशीवरून घसरून डावं मनगट मोडलं, त्यात अजून प्लेट आहे. त्यानंतर हाडांची घनता तपासली, तो आकडा काही मिरवण्यासारखा आला नाही. “व्यायाम करा, पण पडू नका,” असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सायकल निवडली. आता तुम्ही म्हणाल, पडायचं नाही तर पाय पेडलला बांधून घेण्याची हौस कशाला? आमच्या ह्यांनीही अगदी हेच विचारलं.

उत्तर आपल्या बेळगावच्या पावसात आहे. जून ते सप्टेंबर जांबोटीच्या रस्त्याला चढावर जोर लावला की ओल्या पेडलवरून पाय निसटतो आणि पेडलचे दात नडगीवर बसतात. असं चढावर उभं राहून चालवताना झालं तर तोल जायला कितीसा वेळ लागतो? शिवाय मला एकदा 200 किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. त्यासाठी साडेतेरा तास मिळतात. एवढा वेळ पाय दर फेरीला वेगळ्या जागी पडत राहिला की माझा उजवा गुडघा संध्याकाळी बोलायला लागतो. म्हणजे बांधून न घेण्यातही धोका होताच.

मुलगा पुण्याला असतो, तोही सायकलवाला. त्यानं फोनवर लगेच निकाल दिला, “आई, थेट रोडचेच घे. ताकद कितीतरी वाढते. पाय खाली दाबतोस तसा वरही ओढता येतो.” हे वर ओढण्याचं कौतुक मी बरंच ऐकलं आहे आणि मला ते फारसं पटलेलं नाही. सपाट रस्त्यावर बसून चालवताना आपण वर ओढत नाही; फार तर वर येणाऱ्या पायाचं ओझं दुसऱ्या पायावर पडू देत नाही. खरा फायदा साधा आहे. पाय एकदा नीट बसवला की तिथेच राहतो, पावसात, खड्ड्यात आणि दहाव्या तासालाही.

मुलगा म्हणत होता ती पेडलं म्हणजे शिमानोची एसपीडी-एसएल. त्यांच्या बुटाच्या तळव्याला तीन स्क्रूंनी प्लॅस्टिकची मोठी क्लीट लागते. पाय भक्कम धरला जातो, दाब मोठ्या भागावर पसरतो. पण ती क्लीट तळव्याबाहेर आलेली असते. ते बूट घालून चालणं म्हणजे पाटावर उभं राहून चालणं. मी खानापूरला जाते ती चहासाठी थांबते, परतताना कुंदा घ्यायला दुकानाच्या पायऱ्या चढते. फरशी बघितली की माझं मनगट आधी ठणकतं. ती क्लीट माझ्या कामाची नव्हती. (ज्यांना तीच घ्यायची असेल त्यांनी क्लीटचा रंग बघावा. पिवळीत टाच 6 अंश हलू शकते, निळीत 2, लालमध्ये अजिबात नाही. आपल्या वयाच्या गुडघ्यांनी पिवळीवरच थांबावं.)

दुसरा प्रकार साध्या एसपीडीचा, 1990 पासूनचा, मूळचा डोंगरातल्या सायकलींसाठी. क्लीट छोटी, धातूची, दोन स्क्रूंची, आणि बुटाच्या रबरी तळव्याच्या खाचेत दडलेली. चालता येतं. आपल्याकडच्या तांबड्या चिखलातही ती बऱ्यापैकी काम देते. आमचा सायकलवाला म्हणाला, “काकू, तुम्हाला काय शर्यत मारायची हाय काय? थांबल्यावर पाय सुटला की झालं की!” दहा मिनिटांच्या फोनपेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

त्यानंच क्लीटमधला फरक दाखवला. हा फरक पेडलपेक्षा महत्त्वाचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. नेहमीची क्लीट एसएच-51. ती टाच आडवी फिरवली तरच सुटते. दुसरी एसएच-56. ती टाच फिरवूनही सुटते आणि घाबरून पाय वर, तिरका ओढला तरी सुटते. जोरात वर खेचणाऱ्याला ही दुसरी क्लीट त्रासाची, कारण नको तेव्हा निघू शकते. पण दचकल्यावर माणूस टाच फिरवत नाही, पाय उचलतो. मी 56 घेतली. माझं वय आणि क्लीटचा नंबर एकच निघाला, हा निव्वळ योगायोग!

पेडल घेतलं शिमानोचं ईएच-500. एका बाजूला खटका, दुसऱ्या बाजूला सपाट आणि बारीक दात असलेलं. दुसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीत रिक्षा, दुचाकी, शाळेची मुलं सगळ्यांबरोबर इंचाइंचानं सरकायचं असतं, तिथे मी पाय अडकवतच नाही. सपाट बाजूवर ठेवते. गर्दी संपली की पेडल उलटं करून खटका. बाजारात साध्या चपला घालून जातानाही तीच सायकल चालते. जाणकार म्हणतात, दोन्ही बाजूंना खटका असलेलं घ्यावं, म्हणजे बाजू शोधावी लागत नाही. खरं आहे, शोधावी लागते. मी शोधते. बूट आणि पेडल मिळून खर्च म्हणाल तर दोन बऱ्या रेशमी इरकलींएवढा.

घरी एक तह झाला. पंधरा दिवस सायकल भिंतीला टेकवून सराव, मग मैदान, मग रस्ता. ह्यांची अट होती आणि ती योग्यच होती. पेडलवरच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायला एक बारीक स्क्रू असतो, तो 3 मिलिमीटरच्या एलन-कीनं फिरतो. तो सगळ्यात सैल करून ठेवला. मग रोज सकाळी दूध तापेपर्यंत डावा पाय अडकव, सोड, अडकव, सोड. डावाच, कारण आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं जातो आणि टेकायचं ते त्या बाजूला. प्लेटही डाव्याच मनगटात, त्यामुळे त्या बाजूचा सराव दुप्पट केला. नंतर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात गवतावर फेऱ्या. तिथे एकच नियम पाळला. ब्रेकला हात जायच्या आधी पाय सुटलेला पाहिजे. थांबल्यावर सोडू म्हटलं तर वेळ गेलेली असते. आमच्या गटातले दोघे पडले ते वेगात पडले नाहीत, सिग्नलला सायकल जागच्या जागी थांबल्यावर पडले.

बसवताना दोन गोष्टी बघाव्यात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमी घट्ट करतो त्या दिशेला फिरवलं की ते सैल होतं. आटे बसवण्यापूर्वी ग्रीस लावावं, नाहीतर वर्षानं निघता निघत नाही. आणि क्लीटचे स्क्रू पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत. एक स्क्रू गळून पडला तर टाच फिरवली की क्लीट बुटावरच फिरते आणि पाय पेडलमध्येच राहतो. कितीही चांगला खटका असला तरी इथे तो काही करू शकत नाही. मी दर शनिवारी रात्री बूट उलटे करून दोन्ही स्क्रू तपासते. घरात हसतात, हसू देत.

क्लीट कुठे बसवायची यावर मात्र मला दोन रविवार लागले. अंगठ्याच्या मुळाशी हाड जाणवतं, त्याच्या किंचित मागे आणली तेव्हा बोटं बधिर होणं थांबलं. उजव्या पायाची टाच मी मुळातच थोडी आत ठेवून चालते, तर क्लीटही तशीच जराशी वळवून घेतली. पावलं सरळच हवीत असा हट्ट धरला असता तर गुडघ्यानं तो मानला नसता.

खानापूरपर्यंत जाऊन-येऊन झालं, पावसात जांबोटीचा चढही झाला, पाय निसटला नाही. 200 साठी डिसेंबर ठरवलाय, ह्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. कुणा मैत्रिणीला घेण्याआधी करून बघायचं असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या दाराशी मी असते. माझे बूट 38 नंबरचे आहेत. बसत असतील तर घालून बघा, सायकल मी धरून उभी राहीन.