दाना ओलीहून कुणकेश्वरास

ग्वाल्हेरच्या लष्करातील 'दाना ओली' या नावातली मराठी 'ओळ' आजही कानास ओळखू येते. येथील मराठी घरांतल्या मुलांना 'देवमासा' हा शब्द ठाऊक आहे. समुद्र मात्र पुष्कळांनी पाहिलेला नाही. म्हणून आम्ही मुलांना घेऊन सिंधुदुर्गातील कुणकेश्वर गाठले.

देवळालगतच समुद्र. याच किनाऱ्याजवळ २०१५ साली कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना निळे देवमासे दिसले. शंभर फुटांपर्यंत वाढणारा हा जीव मासा नव्हेच. तो पिलास दूध पाजतो, आणि जगतो कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवांवर!

दिवसभर वाट पाहूनही आम्हांस काहीच दिसले नाही. धाकटी पुतणी हिरमुसून म्हणाली, "काका, दिसत नाहीत, मग आहेत हे कळतं कसं?"

प्रश्न रास्त होता. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात व आसपास सुमारे तेराशे निळे देवमासे मारले आणि नोंदी दडवल्या. पुढे तेथल्याच शास्त्रज्ञांनी त्या उघड केल्या. लक्षद्वीपाजवळ दिव्या पणिकर व केट स्टॅफर्ड यांनी पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवून त्यांचे गान टिपले. तो शोध २०२१ साली प्रसिद्ध झाला. कोकणात अभ्यासकांनी मच्छीमारांचे अनुभव विचारून घेतले. कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोणी खरे ते सांगितले, तेव्हा कळले.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून!" ती म्हणाली. परतीच्या गाडीत तिने वहीत देवमासा काढला, आणि शेजारी त्याचे पिलू.