कूपर्स हिलवरची ओवरी

कूपर्स हिल चढताना फारशी दमछाक होत नाही. खाली थेम्सकाठचं रनीमीडचं कुरण. १२१५ साली राजा जॉनने मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवली ती तिथे. याच टेकडीवर १९०६ पर्यंत एक कॉलेज होतं, हिंदुस्थानात पूल-कालवे बांधायला इंजिनिअर पाठवणारं. आपल्याकडचा एखादा जुना पूल ओलांडताना ही टेकडी कुणाला आठवते म्हणा!

माथ्यावर फिकट दगडाचं स्मारक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून आणि उत्तर-पश्चिम युरोपातून उडालेले, ज्यांचं थडगंही कुठे नाही, असे हवाई दलांतले वीस हजारांहून अधिक जण इथे फक्त नावाने आहेत. वास्तुकार एडवर्ड मॉफने ही नावं सलग भिंतीवर मांडली नाहीत. ओवरीच्या अरुंद खिडक्यांच्या बाजूच्या दगडांत ती कोरलेली आहेत. एकेका खिडकीशी थांबावं, कडेला वळावं, तेव्हा ती वाचता येतात. एकदम हजारो नावं अंगावर येत नाहीत, हे त्याने फार बरं केलं. वरून हीथ्रोची विमानं घरघरत जात होती. आधी चीड आली, मग वाटलं, विमानाचा आवाज इथे नाही तर कुठे असावा?

अ‍ॅमी जॉन्सन इथे आहे. १९३० साली एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान नेणारी. १९४१ च्या जानेवारीत ती थेम्सच्या मुखाशी कोसळली, देह मिळाला नाही. खाली वाहते ती हीच नदी.

मी मात्र नूर इनायत खानला शोधत होतो. वडील बडोद्याचे सूफी गायक, पणजोबा मौलाबक्ष. सयाजीरावांच्या बडोद्यात गायनशाळा काढणारे, सूर कागदावर उतरवण्यासाठी स्वरलिपी रचणारे. नूर स्वतः वीणा वाजवायची, मुलांसाठी तिने जातककथा लिहिल्या. हवाई दलाच्या महिला शाखेत वायरलेस शिकली आणि लंडनला संदेश धाडायला जून १९४३ मध्ये गुप्तपणे जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सात उतरली. काही दिवसांतच सोबतचे पकडले जाऊ लागले. लंडनने परत बोलावलं, ती राहिली. ऑक्टोबरात सापडली. सप्टेंबर १९४४, डाखाउच्या छळछावणीत अंत.

मोर्सचं बटण दाबण्याची प्रत्येकाची ढब निराळी असते, जाणकार कान माणूस ओळखतात. तिला पकडल्यावर जर्मनांनी तिच्याच यंत्रावरून लंडनला संदेश धाडले, आणि लंडन कितीतरी काळ फसत राहिलं. मौलाबक्षांच्या शाळेतलं एखादं पोरसुद्धा सांगतं, हा हात तिचा नव्हे.